कॉम्प्युटरची आखाजी

त्या शुक्रवारी सकाळी सव्वादहा वाजता मी घरातल्या कॉम्प्युटरची तारीख जवळजवळ आठ आठवडे मागे नेली. बस, एवढंच केलं. कुणाचं काही चोरलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. माऊस हलवला आणि दोनचार टिचक्या मारल्या. पण त्यानंतर संध्याकाळी सहापर्यंत माझ्या घरात जे काही झालं ते पाहता, त्याऐवजी मी राजघाटावरून तापीत उडी मारली असती तर कमी लोक गोळा झाले असते. (जूनमध्ये तिथं गुडघाभर पाणी असतं, ही गोष्ट वेगळी.)

आधी माझ्याबद्दल थोडं. मी निरंजन, वय त्रेपन्न, कॉलेजात हेडक्लार्क. आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासोबतचं माहितीपुस्तक उघडून पाहणारा मी एकटा होतो. ते इंग्रजीत आहे हे पाहून मी लगेच मिटलंही होतं, पण उघडताना सगळ्यांनी पाहिलं, मिटताना कुणी पाहिलं नाही. तेव्हापासून मी एक्स्पर्ट.

आता माझी बायको. प्रतिभा धूलकोटला मिडल स्कूलमध्ये गणित शिकवते. अकरा वर्षं झाली. सकाळी आठची बस पकडते, संध्याकाळी सातला घरी येते. या बसमध्ये तिनं सहा स्वेटर विणले, एक एम.ए. केलं आणि एका कंडक्टरच्या पोरीला आठवीपासून बारावीपर्यंत गणित शिकवून पास केलं. मी एकदा किलोमीटर मोजले, तर पृथ्वीला पाच प्रदक्षिणा भरायला थोडेच कमी पडत होते. आणि या प्रदक्षिणांचं फळ म्हणजे गेल्या दिवाळीपासून तिच्या कमरेला बांधलेला पट्टा. डॉक्टर म्हणाले, बस बंद करा. बस बंद करायची म्हणजे बदली हवी, बदली हवी म्हणजे अर्ज हवा. तो ती दरवर्षी करत होतीच.

यंदा मात्र देव जागा झाला. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या शाळेत गणिताची एक जागा रिकामी झाली. बदल्यांचं पोर्टल उघडलं. धूलकोटच्या हेडमास्तरांनी सेवेचा दाखला द्यायला एवढे दिवस लावले की तो हातात आला शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी. शेवटची तारीख म्हणजे हा शुक्रवार, संध्याकाळी सहापर्यंत. सहा वाजून एक मिनिटानं पोर्टल बंद, मग आणखी एक वर्ष आठची बस.

फोनवरून का नाही भरला, असं तुम्ही विचाराल. फोनवर ते पोर्टल उघडतं, सगळी माहिती आवडीनं भरून घेतं आणि शेवटचं ‘जमा करा’ हे बटन स्क्रीनच्या खाली अशा ठिकाणी लपवून ठेवतं की बोट पोचत नाही. ऑनलाइन सेंटरवर का नाही गेलो, असंही विचाराल. कारण मी सकाळीच जाहीर केलं होतं, “घरात एक्स्पर्ट असताना सेंटरवर रांगेत कशाला उभं राहायचं?” मी कॉलेजातून दिवसभराची रजा काढली होती, प्रतिभाच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होतीच. प्रतिभानं मान डोलावली. लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही ती कधीकधी माझ्यावर विश्वास ठेवते, हा तिचा एकमेव दोष.

सगळं सरळ झालं असतं, पण महिना अधिकाचा होता.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयांचा सीझन. या महिन्यात जावई साक्षात विष्णू असतो. बाकीची पावणेतीन वर्षं तो काय असतो ते त्याचं त्याला माहीत. फॉर्मच्या धावपळीत आम्हाला दापोऱ्याला माझ्या सासुरवाडीला जायला जमलं नाही, म्हणून सासूबाईच गुरुवारी आमच्याकडे आल्या. हातात स्टीलचा डबा, डब्यात तेहतीस अनारसे. माझ्या सासूबाई गोदाबाई म्हणजे शहात्तर वर्षांची काटक बाई. केळीच्या बागेत आयुष्य गेलेलं. अजून उन्हात माझ्यापेक्षा ताठ चालतात.

शुक्रवारी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला तशा त्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

“काय करून राहिले जावईबापू?”

“प्रतिभाच्या बदलीचा फॉर्म भरतोय आई.”

“आज?”

“आज शेवटची तारीख.”

“अधिकात?” त्या पलंगावर बसल्या. “अधिकात नवं काम करतं का कोणी? तुमच्या सासऱ्यांनी अधिकात बोअर मारला होता. मी नाही नाही म्हणत होते. तीनशे फूट गेला, नुसता फुफाटा निघाला. ही तं पोरीच्या जिवाची गोष्ट आहे. तिची कंबर पाहिली का तुमी?”

मी पाहिली होती. त्या माउलीचा जीव पोरीत अडकलेला, हे मला दिसत होतं. फॉर्म भरू नका असं त्यांना म्हणायचंच नव्हतं. फॉर्म वाया जाऊ नये असं म्हणायचं होतं. आत न्हाणीघरातून प्रतिभाचा आवाज आला, “अहो, आईला तुम्हीच समजवा. मला वेळ नाही.”

समजावणं हे काम माझ्या आवडीचं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहता पाहता मला ती युक्ती सुचली. (अशा युक्त्या मला नेहमी सकाळी दहा ते साडेदहाच्या दरम्यान सुचतात. ऑफिसात ही वेळ चहाची असते, त्यामुळे नुकसान होत नाही.)

“आई, पूर्वी प्रस्थान ठेवायचे ना?”

“ठेवायचे तं. तुमचे सासरे खंडव्याला कोर्टात जायचे, तारीख पडली अमावस्येची, तं आधीच्या चांगल्या दिवशी त्यांची पोटली शेजारच्या ओट्यावर ठेवून यायची मी. धोतर, सुपारी, हळकुंड. मग माणूस दोन दिवसांनी का जाईना, निघाला तो चांगल्याच दिवशी.”

“म्हणजे मुहूर्तावर माणूस निघत नाही, पोटली निघते.”

“हो.”

“मग या फॉर्मची पोटली आपण आखाजीत ठेवू.”

आमच्या भागात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा असा दिवस की त्या दिवशी पंचांगाला विचारावंही लागत नाही. मी माऊस हलवला, तारीख आपोआप बदलते ते बटन बंद केलं आणि कॉम्प्युटरला आखाजीत नेऊन सोडलं. खाली उजव्या कोपऱ्यात एप्रिल आला. सासूबाईंनी चष्मा लावला, स्क्रीनला नाक टेकेल इतक्या वाकल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडराशी आकडा ताडून पाहिला.

“भिंतीवर तं जूनच आहे.”

“सरकार भिंतीवर नाही पाहत आई. सरकार या कोपऱ्यात पाहतं.”

हे वाक्य मी कोणत्या आधारावर बोललो ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्यांना ते पटलेलं दिसलं. त्या उठल्या, देवघरातून हळद आणि तेलात कालवलेलं कुंकू घेऊन आल्या आणि त्या तारखेवर अंगठ्यानं असं भरघोस बोट ओढलं की तारीख, वेळ आणि त्यांच्या शेजारची दोनतीन चित्रं सगळी सौभाग्यवती झाली. वर चार अक्षता.

“आता फॉर्म जाईस्तोवर हिला हात लावायचा नाही. आखाजी हलली तं मोडली.”

“नाही लावत,” मी म्हणालो.

प्रतिभा केस बांधत, फाईल घेऊन आली. “हे काय स्क्रीनला?”

“आईंनी पूजा केली.”

“बरं,” ती म्हणाली. सासूबाईंनी आमच्या फ्रीजची, मिक्सरची आणि एकदा नव्या गॅसच्या नळीचीही पूजा केलेली होती. तिला नवल वाटायचं कारण नव्हतं.

तिनं पोर्टलचा पत्ता टाइप केला. पडदा पांढरा झाला, मग त्यावर एक लाल त्रिकोण आला आणि खाली मराठीत मजकूर: तुमचे कनेक्शन खाजगी नाही. हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात.

“काय लिहिलंय?” सासूबाईंनी विचारलं. प्रतिभानं वाचून दाखवलं. सासूबाईंनी उठून पुढच्या दाराची कडी लावली.

आता तुम्ही म्हणाल, मला तारखेचा संशय कसा आला नाही. नाही आला. भिंतीवरचं घड्याळ मागं पडलं म्हणून तुमच्या घरचा नळ बंद होतो का? मलाही वाटलं, तारीख तिच्या जागी, इंटरनेट त्याच्या जागी. मी खुर्ची ओढली, बोटं मोडली आणि म्हणालो, “सरक. पाच मिनिटांचं काम आहे.”

पहिल्या पाच मिनिटांत मी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. दुसऱ्या पाच मिनिटांत नेटचा डबा बंद करून सुरू केला. मग मेल उघडून पाहिली, लाल त्रिकोण. बँक, लाल त्रिकोण. कॉलेजची साइट, तोच त्रिकोण. फक्त एक पान बिनतक्रार उघडलं, ते केळीच्या बाजारभावाचं. ते इतकं जुनं आहे की पत्त्याशेजारी कुलूपबिलूप काही नाही, धर्मशाळेसारखं सताड उघडं असतं. सासूबाई खूश झाल्या. “काय भाव चालू आहे? लिहून घ्या, संध्याकाळी घरी फोन करते.” एक्स्पर्टनं भाव लिहून घेतला.

साडेअकराला मी ब्राउझरचा सगळा इतिहास पुसला. (एवढ्यासाठी तरी तो दिवस वाया गेला नाही असं म्हणता येईल.) बाराला अँटीव्हायरस काढून टाकला. साडेबाराला माझ्या मनात आलं की ब्राउझरच बिघडला असणार. काढून नवा टाकू. काढला. नवा घ्यायला दुसऱ्या, कॉम्प्युटरसोबत जन्मापासून आलेल्या ब्राउझरनं त्याच्या साइटवर गेलो, तर तिथंही लाल त्रिकोण. म्हणजे घराला नवं दार बसवायचं म्हणून जुनं उखडून विकलं आणि सुताराचं दुकान बंद.

“पाच मिनिटं झाली का?” प्रतिभानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती कमरेला हात लावून भिंतीला टेकली होती, फाईल पोटाशी धरून. तिनं सेंटरवाल्याला फोन केला. तिथं जिल्हाभरातले मास्तर आलेले, त्रेचाळीस जण रांगेत, एका फॉर्मला पाऊण तास. एका गणिताच्या शिक्षिकेला हा गुणाकार करायला वेळ लागत नाही. तिनं फोन ठेवला.

“या मशीनवरच करू,” ती म्हणाली.

दुपारी दोनला मी शांतपणे विचार केला. मशीन सारखं सारखं सांगतंय, हल्लेखोर आहेत. आपण मशीनवरच संशय घेतोय, हल्लेखोरांवर नाही. कोणीतरी आपल्या वायफायमध्ये घुसलं असणार. मी नेटच्या डब्यात शिरून पाहिलं, तर खरंच आमच्या घरातल्या मशिनींव्यतिरिक्त एक अनोळखी लॅपटॉप जोडलेला.

“सापडला,” मी ओरडलो आणि पासवर्ड बदलून टाकला. असा कडक पासवर्ड ठेवला की हल्लेखोराला त्याच्या सात पिढ्या बसवाव्या लागल्या असत्या. मलाही तो लक्षात राहणं शक्य नव्हतं, म्हणून टेबलावर पडलेल्या एका कोऱ्या कागदावर लिहून ठेवला. अनोळखी लॅपटॉप यादीतून गेला; आपला कॉम्प्युटर डब्याला वायरनं जोडलेला, त्याला पासवर्ड लागत नव्हता. मी मागं वळून दोघी बायकांकडे पाहिलं. त्या दोन मिनिटांत मी खरोखरच विष्णू होतो.

तिसऱ्या मिनिटाला दार वाजलं. शेजारच्या चारुलता मॅडम. याही धूलकोटच्याच शाळेत, विषय विज्ञान. अकरापैकी नऊ वर्षं प्रतिभाच्या शेजारच्या सीटवर. घामानं डबडबलेल्या.

“प्रतिभा मॅडम, तुमचं नेट गेलं का? माझा फॉर्म अर्धा झाला होता, सगळा उडाला.”

“तुमचा लॅपटॉप आमच्या नेटवर?” मी विचारलं.

“रस्ता खोदला तेव्हापासून आमची केबल तुटलीय ना भाऊजी. मॅडमनंच पासवर्ड दिला परवा.”

प्रतिभानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. 

“पण एक सांगा,” प्रतिभा हळूच म्हणाली, “तुमच्या लॅपटॉपवर पोर्टल उघडत होतं?”

“हो की. मस्त उघडत होतं.”

“याच नेटवर?”

“याच नेटवर.”

आता नेट निर्दोष सुटलं होतं. हल्लेखोर तर दारात उभी राहून पाणी पीत होती. सासूबाईंना काय झालं ते कळलं नाही, पण एक बाई उन्हात आली आणि रडवेली झाली एवढं दिसलं. त्यांनी डबा उघडला, टेबलावरचा एक कागद उचलून त्यात सहा अनारसे बांधले आणि चारुलता मॅडमच्या हातात दिले. “खाऊन घे पोरी आधी. रिकाम्या पोटी कागदं नाही होत.” मी नवा पासवर्ड सांगायला टेबलाकडे वळलो, तर कागद कुठं दिसेना. “पाठवतो लगेच,” म्हणालो. त्या गेल्या.

तीन वाजता मी पहिल्यांदा कबूल केलं की मला मदत हवी. (हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून प्रतिभा घाबरली. म्हणाली, “बरं वाटत नाही का?”) शनवारा चौकाजवळ सुपडूभाऊंचं दुकान आहे. साठीचा माणूस. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग डिशच्या छत्र्या, आता कॉम्प्युटर. जुन्या स्कूटरवर खोकं घेऊन आले.

“टेन्शन नको घेऊ निरंजनभाऊ. अपुन आहे ना. पहिले सफाई, बाद में बाकी बात.”

त्यांनी कॅबिनेटचं झाकण उघडलं आणि तोंडानं फुंकर मारली. त्यात गेल्या सात वर्षांचा खोडरबराचा भुसा, कापसाचे तंतू आणि एक वाळलेली पाल निघाली. मग एक हिरवी पट्टी काढून तिचे पितळी दात लहान मुलाच्या खोडरबरानं घासले. मग एक वायर काढून तीच पुन्हा लावली. शेवटी खांद्यावरचा रुमाल काढून स्क्रीन पुसायला हात पुढं केला.

“खबरदार,” सासूबाई म्हणाल्या. “पूजा आहे ती.”

सुपडूभाऊंनी हात मागं घेतला आणि त्याच हातानं कुंकवाला नमस्कार केला. “माफ करा मावशी.”

मशीन सुरू केलं. लाल त्रिकोण.

“ब्राउझर दुसरा दिसतो. रोजचा काहून उडवला?” सुपडूभाऊंनी विचारलं.

“सफाई,” मी म्हणालो.

चार वाजले. साडेचार वाजले. सुपडूभाऊ आता कारखान्यात बनलेल्या वस्तू आणि हल्लीचे दिवस याविषयी बोलू लागले होते. दुरुस्तीवाला असं बोलू लागला की समजावं.  प्रतिभा उठली, पट्टा आवळला, माझ्या खांद्याला हात लावून मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. पेपर तपासणारी माणसं शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मी आणि सुपडूभाऊ लाल त्रिकोण पाहूनच डोकं धरत होतो. तिनं त्रिकोणाखालचं, त्याखालचं आणि मग अगदी तळाचं राखाडी, मुंगीएवढं इंग्रजीही वाचलं.

“इथं शेवटी ‘डेट इनव्हॅलिड’ असं काहीतरी आहे,” ती म्हणाली. “सुपडूभाऊ, आज तारीख काय?”

“बारा जून.”

“आणि याच्यात काय आहे?”

तिचं बोट उजव्या कोपऱ्याकडे गेलं. बोटाखाली कुंकू होतं. सुपडूभाऊ वाकले. मी मात्र उभ्या जागी अनारशासारखा जाळीदार झालो. आतून सगळी हवा जाऊ लागली.

“याच्यात काय आहे?” प्रतिभानं पुन्हा विचारलं, या वेळी माझ्याकडे पाहून.

“आखाजी,” सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

सुपडूभाऊंनी कपाळावर हात मारला. “अरे देवा. निरंजनभाऊ, ऐका. प्रत्येक साइटकडे एक दाखला असतो, की मी खरीच ती साइट. आपला ब्राउझर दाराशी उभा राहून तो दाखला पाहतो. हे दाखले हल्ली सारखे नवे काढावे लागतात, या पोर्टलचा निघाला असेल गेल्या महिन्यात. आणि तुमचं मशीन म्हणतं, अजून एप्रिल चालू आहे. पुढच्या महिन्यात मिळणारा दाखला आजच खिशात घेऊन कोणी दारात आला, तं चौकीदार काय म्हणेल?”

“चोर म्हणेल,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना सगळ्यात आधी समजलं.

“बस. तोच लाल त्रिकोण. आणि केळीच्या भावाला दाखलाच नाही, तं चौकीदारही नाही.”

सव्वापाच वाजले होते. मी कबुलीजबाब दिला. अधिक, बोअर, प्रस्थान, पोटली, सगळं. कॉलेजात कोणाची चौकशी लागली की मी त्याला सांगतो, थोडक्यात बोल. पण स्वतःवर आलं तेव्हा मला थोडक्यात बोलता येईना. प्रतिभानं पूर्ण ऐकून घेतलं. रागावली नाही. तिचे डोळे भरून आले, आणि ते मला अजिबात चालत नाही.

“पंचेचाळीस मिनिटं आहेत,” ती म्हणाली. “तारीख पुढं आणा.”

मी माऊसकडे हात नेला आणि थांबलो. सासूबाई पलंगावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. आखाजी हलली तर मोडली. मी त्यांना शब्द दिला होता. आणि त्यांच्या डोळ्यांपुढं बहुतेक तो तीनशे फुटांचा बोअर होता.

“आई,” प्रतिभा म्हणाली, “अधिकात काय करू नये म्हणतेस तू?”

“नवं काम.”

“हे नवं आहे का? अकरा वर्षं झाली मी हाच अर्ज करतेय. हेच नाव, हीच शाळा, हेच कारण. फोटो तेवढा दरवर्षी म्हातारा होतो. याच्याइतकं जुनं काम या घरात दुसरं नाही.”

सासूबाईंनी विचार केला. फार नाही, दोन श्वास.

“मग हे सकाळीच सांगायचं ना,” त्या म्हणाल्या. पुढं आल्या, पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि स्वतःच्या हातानं आखाजी पुसली. खाली एप्रिल निघाला, लालसर.

प्रतिभानं तारीख पुढं आणली. पोर्टल उघडलं, असं की जणू सकाळपासून दारातच उभं होतं. ती भरू लागली. नाव, पद, शाळा, वर्षं. सुपडूभाऊ कागद एकेक करून देत होते. मी कुठेच नव्हतो. मला पाणी आणायला पाठवलं होतं. पाणी आणताना मला चारुलता मॅडम आठवल्या. पासवर्डचा कागद अजून सापडला नव्हता. मी चपला घालून त्यांच्या दाराशी धावलो. आपल्या मूर्खपणापायी दुसऱ्या एका बाईचं एक वर्ष गेलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं, याचा मी दारात उभा राहून विचार करत होतो, तेवढ्यात त्याच बाहेर आल्या. तोंडावर हसू, हातात अनारसा.

“झाला भाऊजी माझा फॉर्म. आणि आजींना सांगा, फार हुशार आहेत. पासवर्ड अनारशाच्या पुडीवर लिहून पाठवला, तोंडानं सांगितला असता तर मी सात जन्मात टाइप केला नसता.”

म्हणजे ज्या हल्लेखोरापासून मी किल्ला बंद केला होता, तिला सासूबाईंनी किल्ली गोड करून पाठवली होती.

मी परत आलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. प्रतिभानं ‘जमा करा’ दाबलं. चक्र फिरलं, बराच वेळ फिरलं, आणि हिरव्या अक्षरांत पावतीचा नंबर आला. तिनं तो वहीत लिहिला, हातावर लिहिला आणि मग खुर्चीत मागं टेकून डोळे मिटले. सासूबाईंनी तिच्या कमरेवरून हात फिरवला.  सुपडूभाऊंनी आपल्या खोक्याचं झाकण लावलं.

रात्रीच्या जेवणाला पुरणाचे धोंडे होते. मी खाली मान घालून जेवत होतो. शेवटी न राहवून विचारलं, “आई, सरकार कोपऱ्यात पाहतं हे तुम्हाला सकाळी खरंच पटलं होतं?”

“शेंबड्या पोराला तरी पटंल का?” त्या म्हणाल्या. “पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं. म्हटलं, करतात तं करू द्या.”

“मग कुंकू कशाला लावलं?”

“तुमी इतकं मन लावून केलं, म्हटलं झाकून तं ठेवावं. कोणी पाहिलं तं हसंल.”

त्या शनिवारी परत गेल्या. तेहतीसपैकी सहा अनारसे चारुलता मॅडमकडे, अकरा सुपडूभाऊंकडे (त्यांनी मजुरी घेतली नाही, डबा पाहून घेतला) आणि बाकीचे प्रतिभाच्या कपाटात. विष्णूला दोन मिळाले.

पुढं सुपडूभाऊंनी ही गोष्ट शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत पोचवली. त्यात थोडी भर घातली. त्यांच्या गोष्टीत मी कॉम्प्युटरला आंब्याचा रसही वाढतो. आता भाजीवाला मला कोथिंबीर देताना विचारतो, “भाऊ, आज तारीख काय चालू आहे?” प्रिन्सिपॉलसाहेब माझ्या टिपणीवर सही करण्याआधी वरचा दिनांक बोटानं घासून पाहतात.

पण त्या सगळ्याचं मला काही नाही, कारण महिन्याभरानं एका सकाळी प्रतिभाच्या बदलीचा आदेश आला. शहरातली शाळा, चालत दहा मिनिटं. तिनं तो तीनदा वाचला, तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांसकट, मग कमरेचा पट्टा काढून खुंटीला टांगला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरू लागली. म्हटलं, ही बातमी तरी आपण द्यावी. मी दापोऱ्याला फोन लावला.

“आई, झालं काम. प्रतिभाची बदली झाली.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. 

“कधी आला कागद?”

“आजच आला.”

“प्रतिभाला द्या फोन,” सासूबाई म्हणाल्या. “आज म्हणजे कधी, ते तिलाच विचारते.”